नावांची भिंत

भिंत पडली तेव्हा मी सुक्या बांगड्यांची टोपली उचलत होते. आवाज कानाने ऐकला असं म्हणता येणार नाही, तो छातीत आला. मग उजेड गेला. कोठीला समुद्राच्या बाजूने एकच दरवाजा. तो होता तिथे आता दगड होते. तोंडात चुन्याची भुकटी गेली होती आणि डोळे उघडवत नव्हते.

खाला माझ्यामागे पालथ्या क्रेटवर बसलेली होती. तिचा आवाज आला.

"वैनी, हायस ना गो?"

"हाय."

"पाय?"

"ते पण हायत. तुझे?"

"माझे आधीपासूनच धड नायत."

मग दगडांच्या पलीकडून, बाहेर शिडीवर काम करणाऱ्या गवंड्याचा आवाज आला. तो ओरडला नाही. साध्या आवाजात म्हणाला, "आजी, माझे पाय अडाकलेत."

भरती लागलेली होती. त्या दिवशी अमावास्या होती, आणि अमावास्येला दुपारी बाराच्या सुमाराला पाणी भरतं हे आमच्या बंदरावर कोणाला शिकवावं लागत नाही. पाणी आधी पायऱ्यांवर येणार, म्हणजे गवंड्याकडे. मग उंबऱ्यावरून आत, म्हणजे आमच्याकडे. तिघांनाही ते माहीत होतं.

पेपरात दुसऱ्या दिवशी जे आलं त्यात भिंतीचं नुकसान वर होतं आणि माणसं खाली. म्हणून मी लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली आहे, तेवढ्यात जेवढं लिहिता येईल तेवढं.

ही कोठी म्हणजे आमच्या बंदरावरच्या जुन्या जकात चौकीचा तळ. वर एक खोली आणि पडवी, खाली ही दगडी कमानीची कोठी, पाठ टेकडीला आणि तोंड समुद्राला. दरवाजातून पायऱ्या सरळ पाण्यात उतरतात. पूर्वी गलबतांचा माल इथे उतरायचा आणि त्यावर जकात घेतली जायची. चौकी कोणी बांधली ते दर भाषणात वेगळं सांगतात. मला एवढंच माहीत आहे की भिंती जांभ्याच्या आहेत, दरवाजावर एक लांब काळा दगड आडवा होता, आणि मागच्या बाजूला, रस्त्याच्या अंगाला, माझ्या डोक्याहून उंच एक गजांचा झरोका आहे.

माझा नवरा खाडीतल्या तरीवर, म्हणजे माणसं पलीकडे नेणाऱ्या होडीवर होता. तरीचा दोर, वल्ही, कंदील ठेवायला कोठीची चावी त्याच्याकडे असायची. पूल झाला, तरीचं काम बंद झालं, चावी परत मागायला कोणी आलं नाही. तो गेल्यावर मी तिथे सुकी मासळी ठेवू लागले. पावसाचे महिने सोडले तर कोठी कोरडी असते, अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला दरवाजात फळ्या लावल्या की झालं. पावसाळ्यातल्या उधाणात पाणी छातीएवढं चढतं, त्याची रेघ भिंतीवर आहे. तेव्हा माल घरी न्यायचा. घर म्हणजे वर पाखाडीच्या दगडी पायवाटेला मुलाच्या दोन खोल्या. सुनेला वास चालत नाही. तिचं चूक नाही, वास येतोच. पण बांगडा, सुकट आणि मी, आम्हा तिघांना बसायला स्वतःची म्हणून जी जागा होती ती ही कोठी.

चौकी दुरुस्त करायची असं ठरलं ते पडवीचं छप्पर खाली आलं तेव्हा. समिती झाली. खजिनदार म्हणून शाळेतून निवृत्त झालेल्या गुरुजींना घेतलं. गुरुजी चांगला माणूस. त्यांनी पैसे खाल्ले नाहीत, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण नंतर लोक वाटेल ते बोलले.

सरकारकडे अर्ज गेला. उत्तर आलं की चौकी संरक्षित इमारतींच्या यादीत नाही. म्हणजे ती जुनी आहे हे त्यांना मान्य होतं, पण त्यांना पाहिजे तेवढी जुनी नव्हती. मग एका इंजिनियरने येऊन खर्चाचा आकडा सांगितला. सभेतली माणसं उठून गेली, चहासुद्धा थांबून घेतला नाही.

गुरुजी घरोघर फिरले. देवळाच्या आळीत लोक म्हणाले, सभामंडप चाललाय, पुढल्या वर्षी बघू. मोहल्ल्यात म्हणाले, मशिदीच्या रंगाचं काम काढलंय, ते होऊ दे. मुंबईकर म्हणाले, हे सरकारने करायचं. चौकी देवाची नव्हती, अल्लाची नव्हती आणि सरकारचीही नव्हती. तिला कोण देणार? एकाने तर गुरुजींना विचारलं, "जकात वसूल करायची जागा ती, अजून वसुलीच करताय होय?"

गुरुजी संध्याकाळी कोठीच्या पायरीवर येऊन बसायचे. चप्पल काढून तळवे चोळायचे. मी चहा द्यायचे.

एके दिवशी ते म्हणाले, "काकू, लोकांना चौकीचं काही नाही. देवळात पायरी न् पायरी बघा, नाव कोरलेलं आहे. आपण नावं लावू या."

"कशावर?"

"भिंतीवर. संगमरवरी फरशी. अमक्याच्या स्मरणार्थ."

मी म्हटलं, "लावा." मला काय कळतं त्यातलं. माझ्या मनात पण काही आलं नाही. पुढे काय होणार ते मला कळलं असतं तर मी त्या भिंतीखाली बसले नसते.

त्यानंतर गुरुजींचा फोन थांबेना. विरार, नालासोपारा, दुबई, कुवेत. ज्यांनी चौकी लहानपणी मुतायला जाण्यापलीकडे बघितली नव्हती ते विचारू लागले, फरशी केवढी, अक्षरं सोनेरी का काळी. मग भांडणं सुरू झाली. दोन भावांचं बापाच्या नावापुढे काय लिहायचं यावरून बिनसलं ते अजून बिनसलेलंच आहे. एकाला आपलं नाव डोळ्यांच्या उंचीवर पाहिजे होतं. गुरुजींनी विचारलं, कोणाच्या डोळ्यांच्या? एकाने जिवंत सासऱ्याच्या नावाने लावली. सासरे काठी टेकत येऊन बघून गेले, बरी दिसते म्हणाले.

मला गुरुजींनी विचारलं होतं, "काकू, मालकांच्या नावाने एक लहानशी लावू? पैसे नकोत तुमचे."

मी नको म्हटलं. तो आयुष्यभर त्या भिंतीला टेकून विडी ओढायचा. तेवढं पुरे.

खरी चूक पुढे झाली, आणि ती आमच्याच लोकांच्या हातून होण्यासारखी होती. मुंबईची आणि आखातातली माणसं मे महिन्यात गावाला येतात. पैसे दिलेत तर नाव आल्या आल्या दिसलं पाहिजे, पोरांना दाखवता आलं पाहिजे, फोटो काढून पाठवता आला पाहिजे. दुरुस्ती तर पावसाळ्यानंतर सुरू व्हायची. गुरुजींनी दोनचारदा सांगून बघितलं की आधी भिंत, मग नावं. लोक म्हणाले, नाव दिसल्याशिवाय उरलेले पैसे कसे द्यायचे? मग समितीने ठरवलं, आधी नावं.

समुद्राकडची भिंत निवडली, कारण फोटोत मागे पाणी येतं. गवंडी राजापूरच्या बाजूचा होता, चाळिशीचा, अंगाने सडपातळ, तोंडाने बोलका. मशीनने भोकं पाडायची, मागे सिमेंट थापायचं, फरशी दाबायची, स्क्रू मारायचे. त्याने पण विचार केला नाही. दिलेलं काम करत होता. मशीन लागलं की कोठीत माझ्या दातांना मुंग्या यायच्या. वरून भुगा पडायचा, मी टोपल्यांवर प्लास्टिक टाकायचे.

नंतर तपासणीला आलेल्यांनी सांगितलं, भिंत बाहेरून जाड दिसत होती पण आत पोकळ झाली होती. दोन्ही अंगांना जांभा, मध्ये भरड आणि चुना, आणि तो चुना इतक्या वर्षांच्या पाण्याने वाहून गेलेला. वर सगळ्या गावाची नावं टांगलेली.

मला कोठी रिकामी करायला सांगितलं तेही गुरुजींनीच. चहा पिऊन झाल्यावर सांगितलं, त्याआधी नाही.

"काकू, काम सुरू झालं की चावी समितीकडे लागेल."

"काम कधी सुरू होणार?"

"पैसे जमले की."

"ते कधी जमणार?"

"फरश्या लागल्या की."

"आणि माल कुठे नेऊ?"

त्यांनी समुद्राकडे बघितलं. तिथे बघून काय मिळणार होतं? झाल्यावर मला परत जागा मिळेल का, हे मी विचारलं नाही. इंजिनियरच्या नकाशात कोठीच्या जागी 'माहिती दालन' लिहिलेलं मी वाचलं होतं. तेवढं वाचता येतं मला.

म्हणून त्या सकाळी मी टोपल्या बाहेर काढायला आले होते. खाला आली होती तिच्या फरशीसाठी.

खाला मोहल्ल्यातली. वयाने माझ्याएवढीच, पण सगळं बंदर तिला खाला म्हणतं म्हणून मी पण म्हणते. तिचा नवरा मच्छीमार होडीचा तांडेल होता. तरणाताठा असताना वादळात होडीसकट गेला. होडीची एक फळी मिळाली, तो मिळाला नाही. कबर नाही, त्यामुळे जाऊन बसायला जागा नाही. मुलाने कुवेतहून छपराच्या पत्र्यांसाठी पैसे पाठवले होते ते तिने फरशीला दिले. मी तिला म्हटलं होतं, "पाऊस आला की नवऱ्याच्या फरशीखाली जाऊन बस."

"बसेन," ती म्हणाली. "जन्मभर कुठं बसलेय दुसरीकडं."

तिची फरशी शेवटची होती. कोपऱ्यातली जागा उरली होती. गवंड्याने ती सावलीला म्हणून कोठीत आणून ठेवली होती, गोणपाटात गुंडाळून. खालाला ती लागताना बघायची होती. ऊन चढलं तशी मी तिला आत बोलावलं. गवंडी शिडीवर चढून तिच्या फरशीसाठी भोकं पाडू लागला. दोन भोकं झाली. तिसऱ्याला मशीन लावलं आणि भिंत आली.

आम्ही ओरडलो. पुष्कळ वेळ ओरडलो. कोणी आलं नाही, त्याचं कारण होतं. वरच्या रस्त्यावर फरश्यांच्या रविवारच्या अनावरणाचा मंडप घातला होता आणि तिथे लाउडस्पीकर तपासत होते. हॅलो, हॅलो, मग गाणं, मग परत हॅलो. आणि भिंत पडल्याचा आवाज म्हणाल तर पलीकडे नवीन बंधाऱ्यासाठी ट्रक रोज दगड ओतत होते. दगड पडल्याचा आवाज ऐकून आमच्याकडे आता कोणी मान वळवत नाही.

खालाने फोन काढला. कोठीत रेंज कधीच नव्हती. तिने तो उंच धरला, झरोक्याकडे धरला, मग परत पिशवीत ठेवला.

दरवाजाच्या ढिगात खालच्या बाजूला हात जाईल एवढी फट होती. तिथून उजेडाची एक पट्टी येत होती आणि गवंड्याचा आवाज. तो पायऱ्यांवर उताणा पडला होता. त्याच्या मांड्यांवर काय आहे ते आम्हाला दिसत नव्हतं. नंतर कळलं. दरवाजावरचा काळा दगड, आणि त्यावर भिंतीचा एक अख्खा तुकडा, चार नावांसकट. भिंत सुटली, पण सिमेंटने फरश्या सोडल्या नव्हत्या.

"लय दुखतंय का रे?" मी विचारलं.

"आता नाय दुखत. तेच बरं नाय वाटत."

"ओरड जरा. तू बाहेर आहेस."

"ओरडलो आजी. समोर समुद्र हाय. तो काय करनार."

त्याचा फोन वाजला. खिशात असावा आणि खिशापर्यंत हात पोचत नसावा. कसलं तरी भजन होतं त्यावर. वाजून थांबला, परत वाजला.

"बायको," तो म्हणाला. "डबा विसरून आलो. त्यासाठी शिव्या घालायला."

"घरी गेल्यावर खा शिव्या," खाला म्हणाली.

"खाईन. जेवनासकट खाईन."

पहिली लाट पायरीवर फुटली ती ऐकू आली. फटीतून फेस आत आला आणि माझ्या पायांना लागला. गवंडी खोकला. मग म्हणाला, "आलं."

मी दगड ओढून बघितले. लहान लहान निघाले. मोठ्यांना हात लावला की वरून काहीतरी सरकायचं. कमानीतून एक दगड सुटून टोपल्यांवर पडला. वरच्या मजल्याचे वासे करकरत होते. खाला म्हणाली, "नको ओढूस. तू ओढशील आणि उरलेलं त्याच्यावर जाईल." ते खरं होतं. म्हणून मी थांबले. मला करण्यासारखं एक काम होतं, तेही संपलं.

खाला फटीपाशी पाण्यात खाली बसली आणि तिने हात बाहेर घातला. माझा हात आखूड, पोचला नाही. तिचा पोचला. त्याने तो धरला.

"कोनाचा?" त्याने विचारलं.

"माझा. खालाचा."

"तुमची फरशी ऱ्हायली खाला."

"ऱ्हाऊ दे. इतकी वर्सं थांबलाय तो, घाई नाय त्याला."

"दोन भोकं झालीत. दोनच ऱ्हायली."

यानंतर त्याचं बोलणं लाटेच्या मधे मधे येऊ लागलं. लाट आली की तो श्वास धरायचा, गेली की सोडायचा. आम्हाला ते ऐकू यायचं आणि न ऐकण्याची सोय नव्हती. फोन परत वाजला आणि मधेच बंद पडला. पाणी माझ्या गुडघ्याला आलं. खाला बसलेली, तिच्या छातीला आलं. मी तिला उठ म्हटलं. ती म्हणाली, "त्यानं धरलाय."

वर गाणं मधेच थांबलं. मंडपवाल्याचा कोणी माणूस लघवीला मागे आला होता, त्याने खाली बघितलं तर भिंत नव्हती. मग पळापळ ऐकू आली आणि झरोक्यात तोंडं दिसू लागली. गुरुजींचं तोंड होतं. पांढरं फटफटीत.

"काकू, घाबरू नका. आलोच आम्ही."

"आम्हाला काय झालेलं नाय," मी म्हटलं. "बाहेर पायरीवर गवंडी आहे. तिकडे जा आधी."

त्यांना ते माहीत नव्हतं. त्यांचं तोंड झरोक्यातून गेलं आणि परत आलं नाही.

माणसं गेली. खारवी आळीतली पोरं होडी घेऊन पाण्याच्या बाजूने आली. उरलेली भिंत त्यांच्या डोक्यावर वाकली होती, पोलीस वरून ओरडत होता की जवळ जाऊ नका. ती गेली. पहारी लावल्या, खांदे लावले. दगड हलला नाही. लाट आली की होडी भिंतीवर आपटायची. कोणीतरी जेसीबी बोलावला होता. तो आलाही. पण बंदराच्या रस्त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत मंडप होता, खाली सतरंज्या, त्यावर खुर्च्या. बांबू काथ्याने घट्ट बांधलेले, रविवारपर्यंत वाऱ्याने हलू नयेत म्हणून. लोक ते सुऱ्यांनी कापत होते.

कोठीत आम्हाला हे काही दिसत नव्हतं. माणसांचा आरडाओरडा ऐकू येत होता आणि गवंड्याचा श्वास. मग मोठ्या लाटा एकामागून एक आल्या. त्यांच्या मधे श्वास आला नाही.

"वैनी," खाला म्हणाली, "अजून धरलाय त्यानं."

थोड्या वेळाने तिने स्वतःच हात आत घेतला. तो मनगटापर्यंत सोलला होता. तिने तो पदराने पुसला आणि उठली. तिला उठवायला मला जोर लावावा लागला, पाय बधिर झाले होते.

पाणी कमरेला आलं होतं. बांगडे आणि सुकट भोवती तरंगत होती, त्या पाण्याला खारवलेल्या मासळीचा वास मारत होता. वरून झरोक्याभोवतीचा जांभा पहारीने फोडत होते. जांभा मऊ, तो फुटला. गज वाकवले. पण झरोका उंच, आम्ही दोघी म्हाताऱ्या. वरच्यांनी हात खाली सोडले ते आमच्या बोटांना लागत नव्हते. क्रेटवर क्रेट ठेवली, पाण्यात ती डुलायला लागली. वर सपाट, जड काहीतरी पाहिजे होतं.

ते एकच होतं. मी गोणपाट काढलं.

खालाने बघितलं. "ती नको."

"दुसरं काय आहे?"

"त्याच्यावर पाय देऊ?"

"दे. तो काय बोलणार आहे."

ती उभीच राहिली. पाणी चढत होतं. मग म्हणाली, "पालथी घाल. नाव खाली कर."

"पालथी घातली तरी तोच."

"असू दे. मला दिसायला नको."

मी पालथी घातली. दोघींनी मिळून उचलली, कशी उचलली ते आज विचाराल तर सांगता येणार नाही. क्रेट दबली आणि थांबली. खाला आधी चढली. चढताना तिने खाली वाकून फरशीला दोन बोटं लावली आणि ती बोटं कपाळाला लावली. मला म्हणाली, "पडले तर हसू नको."

"तू पडलीस तर माझ्यावर पडशील. हसणार कशी?"

तिला वर ओढलं. मग मला. माझ्या पोटाची कातडी गजाने फाटली, टाके पडले. रस्त्यावर आल्यावर कोणीतरी मला खुर्चीवर बसवलं. अनावरणासाठी आणलेली, लाल कापड घातलेली खुर्ची होती. समोर मंडप अर्धा कापून आडवा पडला होता आणि जेसीबी त्याच्या पलीकडे उभा होता.

ओहोटी लागल्यावर गवंड्याला काढला.

दहा दिवसांनी समितीची सभा झाली. गवंड्याची बायको आली होती, मागच्या रांगेत बसली. एकजण उठून म्हणाला, चौकी पुन्हा उभी राहील तेव्हा पहिली फरशी गवंड्याच्या नावाची लावू, वर, मध्यभागी, पैसे न घेता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्या बाईला बोलायला सांगितलं.

ती उभी राहिली. म्हणाली, "नाव नको. त्यांचं नाव मला म्हाईत हाय. घर चालवायला काय देता ते बोला."

एकाने सांगितलं, जमलेले पैसे चौकीसाठी दिलेले आहेत, दुसरीकडे वळवायचे तर प्रत्येक देणगीदाराला विचारावं लागेल. गुरुजींनी विचारायला सुरुवात केली. काहीजण हो म्हणाले. काहींनी विचारलं, फुटलेल्या फरशीचं काय? दोन भावांनी दोन वेगळी उत्तरं दिली. गुरुजींनी आपल्या पेन्शनमधून तिला देणं सुरू केलं आणि समिती सोडली. बाकीचे पैसे बँकेत आहेत. ते चौकीला लागत नाहीत, बाईला मिळत नाहीत, परतही जात नाहीत.

चौकीवर निळं प्लास्टिक बांधलंय. धोकादायक म्हणून पाटी लावलीय. कोठीची चावी अजून माझ्याकडे आहे, दरवाजा नाही. मी माल पाखाडीवरच्या खोलीत ठेवते, सून खिडकी उघडी ठेवते आणि आम्ही त्यावर बोलत नाही. खालाची फरशी खारव्यांच्या पोरांनी ओहोटीला बाहेर काढून दिली. एक कोपरा उडालाय, बाकी शाबूत आहे. तिने ती दारापुढे पेरूखाली ठेवलीय, नाव वर करून. संध्याकाळी तिच्या शेजारी बसते. मी गेले की मला पण बसायला सांगते. गवंड्याचं आम्ही फारसं काढत नाही. एकदा ती आपल्या मनगटाकडे बघत म्हणाली, "दोन भोकं राहिली होती." मी म्हटलं, "हो."

त्या दिवशी त्या भिंतीपाशी आम्ही तिघं होतो. गवंडी पायऱ्यांवर गेला. खाला वाचली आणि मी वाचले.